बोली जिंकली आणि गिऱ्हाईक गायब: ग्रुपवरच्या लिलावातली माघार कशी हाताळावी

नाणी, नोटा, टपाल तिकिटं, जुनी घड्याळं, फाउंटन पेन, फिल्मचे कॅमेरे. अशा वस्तूंचे लिलाव आता व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकच्या ग्रुपवर रोज चालतात. फोटो टाकायचा, मूळ किंमत लिहायची, संपायची वेळ सांगायची आणि खाली येणाऱ्या बोली बघायच्या. विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये इथे कुठलीही कंपनी नसते. त्यामुळे कमिशन वाचतं. पण जिंकणाऱ्याने हात वर केले, तर दाद मागायला काउंटरही नसतो. जो काही बंदोबस्त करायचा तो विकणाऱ्यालाच करावा लागतो, आणि त्यातला बराचसा पहिली बोली येण्याआधीच करून ठेवायचा असतो. लिलाव संपल्यावर नियम आठवू लागणाऱ्याला फारसं काही हाती लागत नाही.

कायदा कुठे उभा आहे

वस्तुविक्री अधिनियम, 1930 याचं कलम 64 लिलावाबद्दल आहे आणि ते ग्रुपवर लिलाव करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. हातोडा पडला किंवा रूढ पद्धतीने विक्री झाल्याचं जाहीर झालं, की विक्री पूर्ण होते. तोपर्यंत कुणीही बोलीदार आपली बोली मागे घेऊ शकतो. म्हणजे नियमात ‘एकदा लावलेली बोली मागे घेता येणार नाही’ असं लिहिलं असलं, तरी लिलाव चालू असताना कुणी ‘माझी बोली रद्द करा’ म्हणाला तर वाद घालू नये. ती बोली काढायची, आधीची बोली कायम असल्याचं लगेच लिहायचं आणि पुढे जायचं. खरी माघार लिलाव संपल्यावरची.

ग्रुपवर हातोडा नसतो. ‘रात्री 10 ला बंद’ एवढंच लिहून गप्प बसलं, तर विक्री नक्की कधी झाली यावरून वाद निघतो. म्हणून वेळ संपताच विकणाऱ्याने किंवा अ‍ॅडमिनने एक ओळ टाकलीच पाहिजे: ‘लॉट 7 बंद. अमुक यांना 4,000 रुपयांना विकला.’ लॉट म्हणजे लिलावाला ठेवलेली एक वस्तू किंवा संच. हाच तुमचा हातोडा. ही ओळ नसेल तर पुढचं सगळं ढिलं पडतं.

याच कलमात विकणाऱ्यावरही बंधन आहे. आधी जाहीर केल्याशिवाय स्वतः बोली लावणं किंवा मित्राकडून लावून घेणं बेकायदा आहे, आणि अशी खोटी बोली उघड झाली तर जिंकणाऱ्याला सौदा मोडायचा हक्क मिळतो. किंमत पडेल अशी भीती असेल तर राखीव किंमत आहे एवढं आधी सांगावं. तशी कायद्यानेच मुभा दिली आहे. भावाच्या नंबरवरून बोली चढवणारा विक्रेता माघारीची तक्रार करू लागला, तर त्याच्या बाजूने काहीच उरत नाही.

नियमांची पोस्ट

प्रत्येक लिलावाच्या वर नियम पुन्हा चिकटवावेत. ‘ग्रुपचे नियम लागू’ असं म्हणून भागत नाही, कारण नवा माणूस ग्रुपची माहिती उघडून वाचत नाही. पुढचा मसुदा तसाच वापरता येईल:

‘1) बोली फक्त 18 वर्षांवरील व्यक्तींनी लावावी. 2) किमान वाढ 100 रुपये. 3) शेवटच्या 5 मिनिटांत बोली आली तर वेळ आणखी 5 मिनिटं वाढेल. 4) बोलींचा क्रम अ‍ॅडमिनच्या फोनवर दिसतो तोच धरला जाईल. 5) टपालखर्च वेगळा: 250 ग्रॅमपर्यंत अमुक रुपये. 6) पैसे लिलाव बंद झाल्यापासून 48 तासांत. या व्यवहारात वेळ पाळणं ही कराराची मुख्य अट आहे. 7) मुदतीत पैसे न आल्यास विक्रेता कळवून वस्तू दुसऱ्याला विकेल. तो हक्क विक्रेत्याने राखून ठेवला आहे. पुन्हा विकताना झालेला तोटा पहिल्या बोलीदाराकडून मागितला जाईल. 8) शंका आणि जादा फोटो लिलाव संपण्याच्या दोन तास आधीपर्यंत मागावेत. 9) पॅन-इंडिया डिलिव्हरी, कॅश ऑन डिलिव्हरी नाही.’

सहावा आणि सातवा नियम वकिली थाटाचा वाटेल, पण तो तसाच ठेवा. वस्तुविक्री अधिनियमाच्या कलम 11 नुसार, पैसे देण्याची वेळ ही कराराची मुख्य अट आहे असा हेतू दिसत नसेल, तर ती तशी धरली जात नाही. तुम्ही नुसतं ‘48 तासांत पैसे द्या’ लिहिलंत आणि गिऱ्हाईक आठव्या दिवशी पैसे घेऊन आलं, तर दरम्यान वस्तू विकून टाकल्याबद्दल तेच तुमच्याशी भांडू शकतं. सातव्या नियमाचा आधार कलम 54 मध्ये आहे, त्याकडे पुढे येऊ.

18 वर्षांची अट शोभेची नाही. नाणी आणि तिकिटांच्या ग्रुपमध्ये शाळकरी मुलं पुष्कळ असतात, वडिलांच्या फोनवरून बोली लावतात. अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील, व्यक्तीशी केलेला करार आपल्याकडे मुळातच निरर्थक ठरतो. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1903 मध्ये तसा निकाल दिला आणि तो आजही चालतो. अशा मुलाने माघार घेतली तर तगादा लावू नका. वडिलांशी एकदा नीट बोला, ‘काका, हरकत नाही, पुढच्या वेळी तुम्हाला विचारून बोली लावू द्या’ म्हणा आणि लॉट मोकळा करा.

टपालखर्च आधी लिहायचं कारणही माघारीशीच जोडलेलं आहे. 300 रुपयांच्या लॉटवर वरून 120 रुपये सांगितले की माणूस बिथरतो, आणि त्याची चूकही नसते. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिलेली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये सामावली गेली. पुष्कळ विक्रेत्यांच्या नियमांत अजून रजिस्टर पोस्टचे जुने दर तसेच पडून आहेत. ते बदला, आणि दर वजनाच्या टप्प्यांप्रमाणे लिहा.

अनामत

थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याखाली बँक तारण मालमत्ता लिलावात काढते, तेव्हा जिंकणाऱ्याला त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी 25 टक्के भरावे लागतात. उरलेले ठरल्या मुदतीत आले नाहीत तर भरलेले जप्त होतात. त्यामुळे तिथे हवशे, गवशे, नवशे फिरकत नाहीत. ग्रुपवर इतकं कडक व्हायची गरज नाही, पण 5,000 रुपयांच्या वरच्या लॉटला अनामत घ्यावी असं आमचं ठाम मत आहे. ती प्रत्येकाकडून नको. ज्यांच्याशी आधी व्यवहार झालेले आहेत त्यांना सूट द्या. नव्या बोलीदाराकडून 500 रुपये पुरे.

हरलेल्यांची अनामत 24 तासांत परत गेलीच पाहिजे. इथे एकदा दिरंगाई झाली की पुढच्या लिलावात कुणी अनामत भरणार नाही. जिंकलेल्याची अनामत किमतीतून वळती करायची. माघार घेणाऱ्याची जप्त करायची असेल तर तसं आधी लिहिलेलं हवं आणि रक्कम माफक हवी. करार अधिनियमाच्या कलम 74 खाली, दंडाची रक्कम करारात कितीही मोठी लिहिली तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं. 4,000 च्या लॉटवर 2,000 दंड लिहून काही साधत नाही, उलट चांगला बोलीदार घाबरून दूर राहतो.

लिलाव संपल्यापासून 48 तास

पहिला तास सर्वांत महत्त्वाचा. गिऱ्हाईक फोन हातात घेऊन बसलेलं असतं, जिंकल्याचा आनंद ताजा असतो. त्याच तासात खाजगी मेसेज जायला हवा. त्यात लॉट क्रमांक, वस्तूचा फोटो, किंमत, टपालखर्च, एकूण रक्कम, यूपीआय आयडी, त्या आयडीवर बँकेत दिसणारं नाव आणि मुदत संपण्याची तारीख व वेळ एवढं सगळं एकाच मेसेजमध्ये असावं. ‘48 तास’ म्हणण्यापेक्षा ‘मंगळवार रात्री 10 पर्यंत’ हे जास्त काम करतं. आणि पत्ता, पिनकोड, मोबाइल नंबर लगेच मागा. पत्ता देणारा सहसा पैसेही देतो. पत्ता द्यायलाच टाळाटाळ करणारा संशयाचा, त्याच्याकडे लक्ष ठेवा.

24 तास झाले आणि उत्तर नाही, तर एक साधी आठवण: ‘नमस्कार, लॉट 7 चे 4,080 रुपये अजून आलेले नाहीत. काही अडचण असेल तर सांगा, मुदत उद्या रात्री 10 पर्यंत आहे.’ यात राग, टोमणा, तीन उद्गारचिन्हं काही नको. 36 तासांनी एक फोन. फोन उचलला नाही तर पुन्हा पुन्हा करू नये, दोनदा पुरे.

त्याच वेळी पुरावा बांधून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पाठवल्यापासून 15 मिनिटांपर्यंत बदलता येतो, आणि सगळ्यांसाठी पुसून टाकायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. म्हणजे तुमची 48 तासांची मुदत संपते त्या सुमारास बोलीच गायब होऊ शकते. लिलाव बंद झाल्याबरोबर वरपासून खालपर्यंत स्क्रीनशॉट घ्या आणि ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून फाइल स्वतःला मेल करा. ग्रुपमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू असेल तर एक्स्पोर्ट होत नाही, त्यामुळे लिलावाच्या ग्रुपमध्ये ती बंद ठेवायला अ‍ॅडमिनला सांगा. फेसबुकवर कमेंट बदलली तर आधीची आवृत्ती बघता येते, पण कमेंट काढून टाकली तर काही राहत नाही. तिथेही स्क्रीनशॉट हवाच, आणि त्यात प्रोफाइलची लिंक दिसणारा एक वेगळा.

आणखी एक घोळ ‘होल्ड’ या प्रकारात होतो. चार-पाच लॉट जमवून एकाच पार्सलने मागवायची संग्राहकांची पद्धत चांगली आहे, दोघांचा खर्च वाचतो. पण होल्ड पार्सलचा असतो, पैशांचा नाही. प्रत्येक लॉटचे पैसे त्याच्या मुदतीतच आले पाहिजेत. ‘सगळं मिळून महिनाअखेर देतो’ याला एकदा हो म्हटलं की पाच लॉटचं भिजत घोंगडं होतं, आणि बाजारभाव पडला तर पाचही लॉट परत अंगावर येतात.

माघार का घेतली, त्यावर उत्तर ठरतं

सगळे माघार घेणारे लबाड नसतात. चुरशीत बोली चढत गेली आणि सकाळी शुद्धीवर आला, हे सर्वांत नेहमीचं कारण. असा माणूस बहुधा गप्प बसतो, कारण त्याला लाज वाटते. त्याला वाट करून द्या: ‘25 टक्के आज द्या, बाकी 15 दिवसांत. वस्तू माझ्याकडे राहील, पूर्ण पैसे आल्यावर पाठवतो.’ पुष्कळ सौदे इथेच वाचतात. दोनांहून जास्त हप्ते मात्र पाडू नका.

काही जण एकाच रात्री तीन ग्रुपवर बोली लावतात आणि तिन्हीकडे जिंकतात. त्यांच्याकडे पैसे असतात, पण एकाच लॉटचे. इथे सवलतीने काम होत नाही. स्पष्ट तारीख आणि ती उलटल्यावर पुढची कारवाई, एवढंच.

वस्तू अस्सल आहे का, ही शंका मनात आल्याने मागे हटणाऱ्याला गांभीर्याने घ्या. नाण्याचं वजन ग्रॅमच्या दोन दशांशांपर्यंत, व्यास, कडेचा फोटो, तिकिटाच्या मागच्या डिंकाचा फोटो, घड्याळाच्या आतल्या मशीनचा फोटो पाठवा. महाग नाण्यासाठी पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांकडून तपासून घेण्याची तयारी दाखवा आणि तो खर्च कोण करणार हे ठरवा. आणि तुमचं वर्णनच चुकलं असेल, डाग किंवा दुरुस्ती लिहायची राहिली असेल, तर ही माघार नाहीच. वर्णनाप्रमाणे वस्तू नसेल तर घ्यायला नकार देण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. माफी मागा, अनामत परत करा, वर्णन दुरुस्त करून पुन्हा लावा.

‘दुसरीकडे स्वस्त मिळालं’ म्हणणाऱ्याला मात्र किंमत कमी करून देऊ नका. ग्रुपवर ही बातमी दोन दिवसांत पसरते आणि मग प्रत्येक जण जिंकल्यावर घासाघीस सुरू करतो. शिवाय ज्याने प्रामाणिकपणे एक पायरी खाली थांबून हार मानली, त्याच्यावर तो उघड अन्याय आहे.

पुन्हा विकण्याआधीची नोटीस

ही पायरी सर्रास वगळली जाते. वस्तुविक्री अधिनियमाच्या कलम 54 प्रमाणे, पैसे न मिळालेल्या विक्रेत्याच्या ताब्यात वस्तू असेल, त्याने ‘मी ही दुसऱ्याला विकणार आहे’ अशी सूचना दिली आणि वाजवी वेळेत पैसे आले नाहीत, तर तो ती विकू शकतो, तोटा पहिल्याकडून मागू शकतो आणि नफा झाला तर तो स्वतःकडे ठेवू शकतो. सूचना दिली नसेल तर गणित उलटतं. तोटा मागता येत नाही आणि जास्त किंमत आली तर वरचा नफा पहिल्या गिऱ्हाइकाचा ठरतो. दोन ओळींच्या मेसेजने एवढा फरक पडतो. शिवाय विकण्याचा हक्क सातव्या नियमात आधीच राखून ठेवलेला असेल, तर पुन्हा विकल्याबरोबर पहिला करार संपतो आणि नुकसानभरपाईचा दावा तरीही शिल्लक राहतो.

मजकूर असा ठेवा: ‘दिनांक अमुक रोजी लॉट 7 आपण 4,000 रुपयांना घेतला. पैसे देण्याची मुदत काल रात्री 10 वाजता संपली. अमुक तारखेला सायंकाळी 6 पर्यंत 4,080 रुपये न आल्यास मी हा लॉट दुसऱ्या व्यक्तीस विकणार आहे. त्यात तोटा झाल्यास तो आपल्याकडून मागण्याचा हक्क मी राखून ठेवत आहे.’ आणखी 48 तास द्या. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुकचा मेसेंजर आणि मेल पत्ता असेल तर तिथेही पाठवा. निळी खूण आली तर तिचाही स्क्रीनशॉट.

दुसऱ्या बोलीदाराला किती किंमत सांगायची

इथे बहुतेक विक्रेते घाई करतात आणि नाव घालवतात. समजा मूळ किंमत 2,000, वाढ 200. अ ने 2,000 लावले, ब ने 2,200, अ ने 2,400, ब ने 2,600. अ थांबला. मग क आला: 2,800. ब 3,000, क 3,200, ब 3,400, क 3,600, ब 3,800, क 4,000. क जिंकला आणि गायब झाला.

ब ची शेवटची बोली 3,800 होती, म्हणून त्याला ‘3,800 ला घ्या’ असा मेसेज जातो. पण क आलाच नसता तर ब ला हा लॉट 2,600 ला मिळाला असता. मधले 1,200 रुपये ज्याने पैसे दिलेच नाहीत त्याच्या बोलींनी चढवलेले आहेत. ब हे नक्की मोजतो. आणि क चा नंबर कुणाच्या ओळखीचा नसेल, तर ब च्या मनात पहिला विचार येतो की क हा विक्रेत्याचाच माणूस.

आमचा सल्ला क कोण होता यावर अवलंबून आहे. क जुना, आधी व्यवहार पूर्ण केलेला माणूस असेल, तर त्याची बोली ही खरी मागणी होती. तेव्हा ब ला 3,800 सांगण्यात गैर नाही, मात्र नाही म्हणायची पूर्ण मोकळीक द्या. क नवा, बिनचेहऱ्याचा नंबर असेल, तर त्याच्या सगळ्या बोली पुसून हिशेब करा आणि ब ला 2,600 सांगा. 1,200 गेल्याचं वाईट वाटतं खरं, पण ब पुढची कैक वर्षं तुमच्याकडून घेत राहतो. काही विक्रेते मधला आकडा, म्हणजे 3,200, सुचवतात. दुर्मीळ लॉटला तेही चालतं, फक्त हिशेब लपवू नका: ‘क यांचा व्यवहार पूर्ण झाला नाही. त्यांच्या बोली वगळल्या तर आपली बोली 2,600 येते’ असं सरळ लिहा.

ब बांधील नाही हे लक्षात ठेवा. त्याच्यावरची बोली आली तेव्हाच त्याची बोली संपली, एव्हाना त्याने पैसे दुसरीकडे गुंतवलेले असू शकतात. 24 तास द्या आणि एका वेळी एकाच माणसाला विचारा. अ आणि ब दोघांना एकदम विचारलंत आणि दोघेही हो म्हणाले, तर माघार घेणारे आता तुम्ही ठरता.

ब आणि अ दोघंही नको म्हणाले तर दुसऱ्या दिवशी लगेच पुन्हा लिलाव लावू नका. कालचा लॉट आज परत दिसला की लोकांना त्यात काहीतरी पाणी मुरतंय असं वाटतं आणि बोली खाली येते. दोन-तीन आठवडे जाऊ द्या, वर लिहा: ‘मागील लिलावातला व्यवहार पैसे न आल्याने रद्द. वस्तू माझ्याकडेच होती.’ एवढ्याने शंका फिटते.

माघारीच्या वेषातली फसवणूक

पैसे न देणाऱ्यांतले काही जण मुळात लुटायला आलेले असतात. मुदत संपता संपता पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट येतो आणि ‘आजच पाठवा’ अशी घाई सुरू होते. स्क्रीनशॉट, एसएमएस काहीही खरं धरू नका, दोन्ही बनवता येतात. स्वतःचं बँकेचं अ‍ॅप उघडून खात्यात रक्कम बघा आणि 12 अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक जुळवा. दुसरा प्रकार: ‘चुकून 14,000 गेले, 10,000 परत पाठवा.’ खात्यात काहीच आलेलं नसतं. तिसरा: ‘पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात.

जुन्या नाण्यांच्या बाबतीत चौथा प्रकार आहे. भरमसाठ बोली लावणारा नंतर ‘व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेचं शुल्क’ किंवा कर भरायला सांगतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलं आहे की ती अशा खरेदी-विक्रीत पडत नाही, कसलंही कमिशन घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा.

कॅश ऑन डिलिव्हरी किंवा व्हीपीपीने (पार्सल देताना टपालवाल्याने पैसे घ्यायची सोय) बोलीचा माल पाठवू नये. दारात पार्सल नाकारणं ही माघारीची सर्वांत सोपी रीत आहे. जाण्यायेण्याचा खर्च तुमचा, आणि वस्तू दोन-तीन आठवडे वाटेत अडकते.

परदेशी गिऱ्हाईक, ईबे

ईबेचं भारतातलं देशी संकेतस्थळ ऑगस्ट 2018 मध्ये बंद झालं, पण इथून परदेशी विकणारे अजून त्यावर आहेत. तिथे रीत ठरलेली आहे. पैसे द्यायला गिऱ्हाइकाला 4 दिवस मिळतात, त्यानंतर तुम्ही ऑर्डर रद्द करू शकता. रद्द करताना कारण ‘गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत’ हेच निवडा. ‘गिऱ्हाइकाने रद्द करायला सांगितलं’ निवडलंत तर पैसे न दिल्याची नोंद त्याच्या नावावर लागत नाही. ‘वस्तू शिल्लक नाही’ निवडलंत तर ठपका तुमच्यावर येतो. योग्य कारण दिलं की विक्रीवरचं शुल्क परत जमा होतं. सेटिंगमध्ये न भरलेल्या ऑर्डर आपोआप रद्द करायची सोय आहे, ती चालू ठेवा.

दुसऱ्या बोलीदारासाठी ‘सेकंड चान्स ऑफर’ आहे. लिलाव संपल्यापासून 60 दिवसांपर्यंत ती पाठवता येते आणि ती त्याच्या सर्वांत वरच्या बोलीच्या किमतीला जाते. विक्रेत्याला गिऱ्हाइकाबद्दल नकारात्मक शेरा देता येत नाही, म्हणून खरा बचाव ‘बायर रिक्वायरमेंट्स’मध्ये आहे: आधी पैसे न दिल्याच्या नोंदी असलेल्यांना अडवा, जिथे पाठवत नाही ते देश बंद करा आणि त्रास देणाऱ्याचं नाव ब्लॉक यादीत टाका. लिलाव चालू असताना मागे हटणाऱ्यांसाठीही नियम आहे. 12 तासांहून जास्त वेळ उरला असेल तर योग्य कारणाने बोली मागे घेता येते. त्याहून कमी उरला असेल तर बोली लावल्यापासून एका तासाच्या आतच. जाता जाता: 100 वर्षांहून जुनी नाणी परदेशी पाठवायला पुरावस्तू कायदा, 1972 खाली बंदी आहे, ती लिलावात ठेवूच नका.

कोर्ट, बदनामी आणि स्वतःची वही

नुकसानभरपाईच्या दाव्याला 3 वर्षांची मुदत असते. वरच्या उदाहरणात 4,000 चा लॉट नोटीस देऊन 2,600 ला गेला, म्हणजे तोटा 1,400. एवढ्यासाठी कोर्टात जाणं परवडत नाही. तोटा 40-50 हजारांच्या पुढे असेल तरच वकिलाची नोटीस पाठवण्याचा विचार करा. तेव्हा भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे चॅटच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, म्हणून मूळ मेसेज असलेला फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका.

गिऱ्हाइकाचा फोटो, नंबर आणि ‘फ्रॉड’ असा शिक्का मारून दहा ग्रुपवर फिरवायचा मोह आवरा. पैसे न देणं हा करारभंग आहे, फसवणूक असेलच असं नाही, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीची तक्रार तुमच्यावर होऊ शकते. अ‍ॅडमिनला खाजगीत पुराव्यासह कळवा. अ‍ॅडमिनने ग्रुपवर लिहायचंच असेल तर एवढंच लिहावं: ‘अमुक सदस्याचा लॉट 7 चा व्यवहार मुदतीत पूर्ण झाला नाही, पुढील 3 महिने त्यांना बोली लावता येणार नाही.’ विशेषण एकही नको.

स्वतःसाठी एक वही किंवा शीट ठेवा: तारीख, लॉट, नाव, नंबर, किंमत, पैसे कधी आले, माघारीचं कारण. तोच माणूस नवा नंबर घेऊन आला तरी पिनकोड आणि पत्त्यावरून ओळखू येतो. त्याला पुन्हा घ्यायचं असेल तर पहिल्या तीन लॉटना बोलीआधी मूळ किंमत पूर्ण भरून घ्या. तिन्ही वेळेवर पार पडले की इतरांचेच नियम त्यालाही लावा.